माती साफ झाली, पण विष गेलं कुठे?

जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर, विहिरीच्या आतल्या भिंतीवर, चुन्याच्या दरजा फुटल्या की तिथे एक नेचं उगवतं. लांब पट्टीसारखी पानं, मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना शिडीच्या पायऱ्यांसारखी लागलेली. त्याला कुणी नावाने ओळखत नाही. भिंतीला रंग द्यायची वेळ आली की उपटून फेकतात. शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच नेचं एका ओसाड जागेवर सापडलं. तिथे पूर्वी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण पाजत असत. सगळी जमीन आर्सेनिकने भरलेली, आणि नेचं मात्र मजेत. तपासलं तेव्हा कळलं की ते आर्सेनिक मुळांतून ओढून पानांत साठवतंय. प्रयोगशाळेत तर पानांच्या सुक्या वजनात २ टक्क्यांच्या वर आर्सेनिक भरलं. २००१ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि गाजलं.

असं काही वाचलं की पहिला मोह होतो तो हाच: लावा नेचं, झाली जमीन साफ. बायोचारबद्दल, म्हणजे मातीत घालायच्या खास कोळशाबद्दल, हल्ली असंच बोललं जातं, कंपोस्टबद्दल तर कधीपासूनच. तिन्ही गोष्टींत तथ्य आहे. गडबड आहे ती ‘साफ’ या शब्दात. त्याच्या आड अगदी निराळी कामं दडलेली असतात. केर दाराआड लोटला, घंटागाडीत टाकला की चुलीत घातला, घर झाडलेलंच दिसतं. म्हणून मी अशा प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारतो: गेलं कुठे?

आधी विषांची जात पाहू. डिझेल, कीटकनाशकं, स्फोटकं ही कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली रसायनं. सांगाडा मोडला की विष संपतं, निदान संपू शकतं. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांचं तसं नाही. ही मूलद्रव्यं. जाळा, कुजवा, पुरा. शिशाचा अणू शिशाचाच राहतो. त्याला कुणी खाऊन संपवू शकत नाही. त्याला उपसून बाहेर काढता येतं, जागच्या जागी जखडता येतं, किंवा त्याचं रूप बदलून त्याची धार कमी करता येते. चौथा मार्ग नाही.

ढिगात शिजलेली स्फोटकं

कंपोस्टचं खरं कर्तृत्व पहिल्या जातीच्या विषांवर दिसतं. अमेरिकेत ओरेगन राज्यात युमाटिला इथे लष्कराचा दारूगोळ्याचा तळ होता. १९५० आणि ६०च्या दशकांत जुन्या बॉम्बमधली स्फोटकं गरम पाण्याने धुऊन काढत आणि ते पाणी उघड्या खड्ड्यांत सोडून देत. माती टीएनटी आणि आरडीएक्सने भरली. ती भट्टीत भाजून काढायची म्हणजे अफाट खर्च. म्हणून १९९०च्या दशकात तिथे चक्क खताचे ढीग लावले: साधारण ३० टक्के विषारी माती, बाकी गाई-कोंबड्यांचं खत, लसूणघास, लाकडाचा भुसा आणि बटाटा प्रक्रिया कारखान्यातला कचरा. बटाटा एवढ्याचसाठी, की तो मुलूख बटाट्याचा. आपल्याकडे असता तर उसाचं पाचट आणि प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आला असता.

शेणखताच्या ढिगात थंडीच्या सकाळी हात घातलाय कधी? आतून वाफ येते. ती ऊब म्हणजे कोट्यवधी जिवाणूंचा श्वास. ते टीएनटी आवडीने खातात असं नाही. त्यांचं जेवण लसूणघास आणि बटाटा. पण ते पचवताना जी विकरं सुटतात, जी रासायनिक झटापट होते, तीत टीएनटीच्या रेणूचीही मोडतोड होते. काही आठवड्यांत स्फोटकांचं प्रमाण इतकं उतरलं की ती माती पुन्हा जागेवर भरता आली.

गेलं कुठे? थोडं कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलं. बरंचसं अर्धवट मोडून ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या काळ्या भागाला, असं चिकटून बसलं की पावसाच्या पाण्याने सुटत नाही. उत्तर शंभर टक्के गोड नाही, पण समाधानकारक आहे.

हाच ढीग शिशाच्या बाबतीत उलटा वागतो. कचरा कुजताना ढीग बसतो, वजन अर्ध्यावर येतं. शिसं मात्र होतं तेवढंच राहतं. म्हणजे किलोमागे शिशाचं प्रमाण दुप्पट! शहरातला सरमिसळ कचरा, त्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइटच्या काचा; त्याचं कंपोस्ट केलं तर आपण विष घट्ट करून शेतात नेतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, आर्सेनिक १० अशा मर्यादा घातल्या आहेत त्या उगाच नाहीत. स्वस्तात ट्रॉली मिळतेय म्हणून घेण्याआधी तपासणीचा कागद मागावा. दिला नाही तर ट्रॉली परत पाठवावी.

कोळसा, पण चुलीतला नव्हे

बायोचार म्हणजे काडीकचरा हवेची कोंडी करून ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजून केलेला कोळसा. हवा भरपूर मिळाली की राख उरते, कोंडली की कोळसा. कोकणात भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात तो राब आठवा: शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वरून मातीचा थर. त्या थराखाली थोडा कोळसा बनतोच, पण मुख्य माल राखेचा. बायोचारमध्ये हे प्रमाण उलटं करायचं असतं.

ॲमेझॉनच्या जंगलात मुळात निकृष्ट लाल माती, पण मधूनच काळीभोर, सुपीक जमीन लागते. तिला पोर्तुगीजमध्ये ‘तेरा प्रेता’, काळी माती, म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडं, खापऱ्या, खरकटं मातीत मिसळत ती घडवली. त्यातला काही कोळसा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून टिकून आहे. प्रदूषणाशी याचा संबंध असा, की कंपोस्ट दोन-चार हंगामांत विरून जातं, कोळसा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. कुलूप लावायचं तर ते न कुजणारं हवं.

कुलूप लागतं कसं? बायोचारच्या आत वनस्पतीच्या पेशींची बिळंच्या बिळं तशीच राहिलेली असतात. चांगल्या बायोचारच्या एका ग्रॅममधला पृष्ठभाग उलगडून पसरला तर एक-दोन बॅडमिंटन कोर्ट भरतील. या पृष्ठभागावर रेणू चिकटून बसतात, त्याला अधिशोषण म्हणतात. शोषण म्हणजे स्पंजात पाणी. अधिशोषण म्हणजे फळ्यावर खडूची पूड. शिवाय बायोचारचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो आणि शिसं, कॅडमियम, जस्त मातीच्या ओलाव्यात धनभारित कण होऊन फिरतात. विरुद्ध भार, म्हणून ओढ. त्यातल्या राखेमुळे माती अल्कधर्मी होते आणि हे धातू विरघळेनासे होतात. शेणापासून केलेल्या बायोचारमध्ये फॉस्फेटही असतं. शिसं आणि फॉस्फेट एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं, ते जवळजवळ दगडच.

गेलं कुठे? कुठेच नाही. शिसं जमिनीतच आहे, फक्त पाण्यात येत नाही आणि मुळाला सहज मिळत नाही. प्रयोगशाळेत माती आम्लात विरघळवून एकूण शिसं मोजलं तर आकडा कालचाच येईल. यात फसवणूक नाही, पण हे सांगितलं पाहिजे.

आणि आता जिथे भल्याभल्यांचे पाय घसरतात ती जागा: आर्सेनिक. ते मातीत धनभारित नसतं. ऑक्सिजनशी जोडलेलं, बहुधा ऋणभारित रूप घेऊन फिरतं. ऋणभारित कोळसा त्याला धरत नाही, उलट ढकलतो. जमीन अल्कधर्मी झाली की आर्सेनिक दबत नाही, सुटतं. फॉस्फेट आलं की मातीतल्या लोहकणांवर बसलेल्या आर्सेनिकला उठवून स्वतः जागा पटकावतं. म्हणजे ज्या तीन गुणांनी शिसं जखडलं, त्याच तीन गुणांनी आर्सेनिक मोकाट सुटलं. २०१० साली ल्यूक बीझली आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या अनेक विषांनी भरलेल्या मातीवर बायोचार आणि हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट वापरून पाहिलं. कॅडमियम आणि जस्त मातीतल्या पाण्यातून खाली उतरलं, तांबं आणि आर्सेनिक मात्र भरमसाट वाढलं. भाताच्या खाचरातही असंच आडवंतिडवं वागणं दिसतं: पाणी उभं ठेवलं तर कॅडमियम दबतं आणि आर्सेनिक सुटतं, खाचर सुकवलं तर उलट. एका औषधाने सगळी विषं उतरतात असं कुणी सांगत असेल तर तो वैद्य नाही, फेरीवाला आहे.

रूप बदलण्याचं उदाहरण क्रोमियमचं. कातडी कमावण्याशी जोडलेल्या धंद्यांतला क्रोमियमचा कचरा तमिळनाडूत राणीपेटला आणि कानपूरजवळ रानियाच्या बाजूला वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिला आणि भूजलात उतरला. त्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं आणि कर्करोगकारक. त्रिसंयुजी क्रोमियम हिरवट, सुस्त, मातीला धरून राहणारं. शेण, कंपोस्ट, कोळसा यांच्यातले इलेक्ट्रॉन मिळाले की पहिल्याचं दुसरं होतं. पण मातीत मँगनीजची ऑक्साइडं असतील तर ती त्याला पुन्हा पहिल्या रूपात ढकलू शकतात. म्हणून एकदा मोजून भागत नाही.

नेच्याचा हिशेब

वनस्पतींकडे येऊ. त्यांच्यातल्या काही खरोखर अचाट आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याच्या सालीला खाच पाडली की निळा-हिरवा चीक गळतो. सुकवला तर त्याच्या वजनाचा पाव हिस्सा निकेलचा. अल्बानियात निकेलयुक्त जमिनीवर मोहरीच्या कुळातलं एक पीक घेतात, हेक्टरी शंभर किलोच्या घरात निकेल मिळतं, आणि त्या पिकाची राख म्हणजे धातूचं चांगलं खनिजच.

आता आपल्या नेच्याचा हिशेब मांडू. एक एकर, वरची २० सेंटिमीटर माती: साधारण एक हजार टन. समजा किलोमागे ३० मिलिग्रॅम आर्सेनिक कमी करायचंय. म्हणजे एकूण ३० किलो. नेच्याचं वर्षाला दोन टन सुकं पान निघालं आणि त्यात ०.२ टक्के आर्सेनिक भरलं, तर वर्षाला ४ किलो. सात-आठ वर्षं. धीर असेल तर जमणारी गोष्ट.

हाच हिशेब शिसं आणि मोहरीचा करा, कारण मोहरी शिसं ओढते असं सर्रास लिहिलं जातं. किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं कमी करायचं तर एकरी ५०० किलो उचलायला हवं. दोन टन सुक्या मोहरीत किलोमागे २०० मिलिग्रॅम शिसं धरलं तरी एका पिकात ४०० ग्रॅम. भागाकार तुम्हीच करा. वर्षाला दोन पिकं घेतली तरी सहाशे वर्षांच्या वर. शिसं मातीला घट्ट धरून असतं आणि मुळातून वर चढत नाही, हे त्याचं कारण. ते सुटावं म्हणून ईडीटीए नावाचं रसायन मातीत ओतण्याचे प्रयोग झाले. शिसं सुटलं, पण झाडापेक्षा वेगाने भूजलाकडे निघालं!

आणि आठ वर्षं कापलेलं ते नेचं? त्याचा भारा घातक कचरा आहे. गुरांना नाही, चुलीत नाही, कंपोस्टमध्ये तर मुळीच नाही. जाळलं तर आर्सेनिक धुरावाटे निघतं. त्याच्यासाठी घातक कचऱ्याची बंदिस्त जागाच हवी. विष जमिनीतून निघून पोत्यात आलं, हे खरं उत्तर. एक हजार टन मातीपेक्षा काही टन पोती सांभाळणं सोपं, एवढाच नफा. पण तो मोठा आहे.

जलपर्णी नदी साफ करते का?

पाण्याच्या बाबतीत गोष्ट जरा आनंदाची आहे, कारण सांडपाण्यातली बरीचशी घाण मोडता येण्याजोगी असते. जर्मनीत केथे झायडेल यांनी १९५०च्या दशकात लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती घेऊन प्रयोग सुरू केले, तिथून बांधीव पाणथळीचं तंत्र वाढलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने त्याचं ‘फायटोरिड’ हे रूप तयार केलं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ते बसवलेलं आहे. खडीने भरलेला उथळ हौद, त्यात कर्दळ, पाणकणीस, बोरू अशी झाडं, आणि खालून सावकाश वाहणारं सांडपाणी. वरून बागच दिसते. श्रेय कर्दळीला मिळतं, पण राबतो तो मुळांवरचा आणि खडीवरचा बुळबुळीत थर. त्यातले जिवाणू घाण खातात. मुळांजवळ ऑक्सिजन असतो तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं, जरा लांब ऑक्सिजन संपतो तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. इथे ‘गेलं कुठे’चं उत्तर खरंच ‘हवेत, आणि निरुपद्रवी होऊन’ असं आहे. फॉस्फरस आणि धातू मात्र खडीत आणि गाळात साठतात. काही वर्षांनी खडी तुंबते आणि ती उपसायची कुणी यावर गाडी अडते. उद्‌घाटनाच्या फोटोत हा प्रश्न नसतो.

जलपर्णी धातू शोषते हेही खरं. पण पुण्यात मुळा-मुठेवर किंवा खाली उजनीच्या पाण्यात ती आपोआप नदी साफ करतेय असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. ती जागेवरच मेली, कुजली की घेतलेलं सगळं पाण्यात परत, वर पाण्यातला ऑक्सिजनही संपवते. बाहेर काढून काठावर ढीग लावला तर पहिल्या पावसात पुन्हा नदीत. उचलून नेली तरच ती कामाची.

तिघं एकत्र आले की

धातूंच्या बाबतीत मला सर्वांत पटणारा उपयोग उपसण्याचा नाही, बसवून ठेवण्याचा आहे. खाणीतून निघालेला मुरूम-दगडांचा ढिगारा म्हणजे माती नव्हेच. त्यात सेंद्रिय पदार्थ नाही, नत्र नाही, उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात वाहतो. पिढी गेली तरी गवताची काडी उगवत नाही आणि वाऱ्याबरोबर धूळ गावात, पाण्याबरोबर गाळ ओढ्यात. अमेरिकेत कोलोरॅडोत ॲस्पेन गावाच्या वरच्या अंगाला एक सोडून दिलेली चांदीची खाण आहे. तिच्या उतारावर २०१० साली भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइन झाडांचं बायोचार, कंपोस्ट आणि गवताचं बी एकत्र पसरलं, आणि बोडका उतार हिरवा धरू लागला. कोळसा ओल धरतो आणि धातूंना आवरतो, कंपोस्ट मुळांना आणि जिवाणूंना खाऊ घालतं, मुळं सगळ्यांना धरून ठेवतात. एकटा कोळसा उतारावरून वाहून गेला असता.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे, बायोचार हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाचं. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर ‘नीरी’च्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, आणि रोपांच्या मुळांना नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी लावली. शिसू, सागासारखी झाडं तिथे उभी राहिली. प्रेसमड म्हणजे कारखान्याच्या मागे पडून वास मारणारी वस्तू. ती मुळांच्या खड्ड्यात गेली.

अशा जागी झाड निवडताना सगळा विचार उलटा करावा लागतो. इथे धातू पानांत ओढणारं झाड नको, ओढलेलं मुळातच अडवणारं हवं. वाळा त्यासाठी चांगला: मुळं खोल जातात, उतार धरतात, आणि पानांत फारसं चढू देत नाही. नाहीतर शेळ्या येतात, पाला खातात, आणि ढिगाऱ्यातलं विष दुधावाटे परत घरात.

घरच्या वाफ्यापुरतं

बायोचार बनवणं अवघड नाही. हैदराबादच्या ‘क्रीडा’ या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या तेलाच्या ड्रमची साधी भट्टी केली आहे. तीत तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याचं खोड चालतं. खड्ड्यात वरून जाळ ठेवून, थरावर थर टाकत, शेवटी पाण्याने विझवूनही होतं. धूर फार येत असेल तर काहीतरी चुकतंय. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खिडक्या कधीही घालू नयेत. त्यांतलं शिसं आणि आर्सेनिक कोळशात घट्ट होऊन उरतं. कोरडा कोळसा थेट मातीत घातला तर पहिल्या हंगामात तोच नत्र ओढून घेतो, म्हणून आधी महिनाभर शेणकाल्यात नाहीतर कंपोस्टमध्ये मुरवावा.

पण एकराचा हिशेब करून ठेवा. प्रयोगांत साधारण २ टक्के बायोचार घालतात, म्हणजे एकरी २० टन. चार किलो काडीतून एक किलो कोळसा धरला तर ८० टन काडी. कापसाच्या एका एकरात टनभर पऱ्हाटी निघते. एक एकर दुरुस्त करायला ऐंशी एकरांच्या पऱ्हाट्या! परसातल्या वाफ्याला मात्र दोन-तीन ड्रम पुरतात.

शंका असेल तर आधी माती तपासा, आणि तपासणीवर काय येतं ते नीट वाचा. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम त्यात नाहीत. पत्रिका हिरवीगार असली तरी त्यांच्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. नमुना आठ-दहा ठिकाणांहून घ्यावा, वरची वीत-दीड वीत माती, स्टीलच्या खुरप्याने, रंग लावलेल्या अवजाराने नव्हे. मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरावी. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘जड धातू’ एवढंच लिहू नये. चारही नावं लिहावीत आणि एकूण प्रमाणाबरोबर पिकाला उपलब्ध असलेलं प्रमाणही मागावं. निकाल हाती येईपर्यंत त्या वाफ्यात पालक-माठ लावू नये; पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात आणि ते पानाच्या आत असतं, कितीही धुतलं तरी निघत नाही. तोवर झेंडू चालेल.